वंध्यत्व उपचार केंद्रांनी यशाच्या टक्केवारीखालचा छेदही छापावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घोडबंदर रस्ता, नौपाडा, वाशी, नेरूळ अशा भागांत वंध्यत्व उपचार केंद्रांचे फलक आता जागोजागी दिसतात, आणि त्या फलकांवर, रिक्षांच्या पाठीवर, तसेच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही ‘७० टक्के यश’, ‘८० टक्के यश’ असे आकडे ठळक अक्षरांत झळकतात. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. नात्यातल्या आणि शेजारच्या मुली अशी माहितीपत्रके घेऊन येतात आणि ‘काकू, यातले कोणते केंद्र चांगले?’ असे विचारतात. माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही माहितीपत्रकावरून या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, कारण त्या टक्केवारीचा अंश काय आणि छेद काय, हे कोठेही लिहिलेले नव्हते.

आधी अंशाविषयी. आयव्हीएफमध्ये, म्हणजे स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात, भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी होते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली की घरात आनंद होतो आणि काही केंद्रांच्या हिशेबात तेथेच यशाची नोंद होते. परंतु त्यांपैकी काही गर्भधारणा सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसले, तरी त्यानंतरही काही गर्भपात होतात. उपचाराला येणाऱ्या जोडप्याला हवे असते ते जिवंत, निरोगी मूल. त्यामुळे रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि प्रसूती या तीन टप्प्यांवर मोजलेले ‘यश’ हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि त्यांतला पहिला नेहमीच सर्वांत मोठा असतो.

छेदाचा घोळ याहून मोठा आहे. समजा, एका केंद्रात १०० स्त्रियांनी इंजेक्शने सुरू केली. त्यांपैकी १० जणींत स्त्रीबीजे पुरेशी वाढली नाहीत म्हणून ती सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, रद्द झाली. ९० जणींचे एग पिकअप झाले, म्हणजे शरीरातून स्त्रीबीजे काढून घेतली गेली. त्यांतल्या १० जणींत फलन झाले नाही किंवा सोडण्याजोगे भ्रूण तयार झाले नाही. उरलेल्या ८० जणींना भ्रूण सोडले, ४० जणींची तपासणी पॉझिटिव्ह आली, ३४ जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि २८ जणींना मूल झाले. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. हेच केंद्र ४० भागिले ८० करून ‘५० टक्के यश’ छापू शकते, किंवा २८ भागिले १०० करून २८ टक्के असे सांगू शकते. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. पण पहिल्या आकड्यातून ज्या २० जणींनी पैसे भरले, इंजेक्शने सोसली आणि ज्यांना भ्रूण सोडण्यापर्यंतही पोहोचता आले नाही, त्या पूर्णपणे नाहीशा झाल्या. त्या २८ प्रसूतींपैकी चार जुळ्यांच्या असतील आणि केंद्राने प्रसूतींऐवजी बाळे मोजली, तर २८ चे ३२ होतात. जुळे म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची आणि आईच्या गुंतागुंतीची वाढलेली जोखीम. ती यशाच्या खात्यात भर म्हणून मांडली जावी, हे मला फार खटकते.

आता अनेक ठिकाणी सर्व भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यांत सोडले जातात, त्यामुळे एका पिकअपमधून दोन-तीन वेळा प्रत्यारोपण होऊ शकते. अशा वेळी एका पिकअपमधील सर्व भ्रूण वापरून झाल्यावर किती जणींना मूल झाले, हा आकडा जोडप्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा ठरतो. तोच मागावा.

वयाचा मुद्दा तर टाळताच येत नाही. स्त्रीच्या वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत घटत जाते, विशेषतः पस्तिशीनंतर. ब्रिटनमधील नियामक संस्था वयोगटांनुसार आकडे प्रसिद्ध करते. त्यात अलीकडच्या वर्षांत स्वतःचे स्त्रीबीज वापरणाऱ्या ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये, सोडलेल्या दर भ्रूणामागे जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण साधारण एक तृतीयांश, तर ४३-४४ व्या वर्षी ते शंभरात पाचच्या आसपास दिसते. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की सर्व वयांना मिळून ८० टक्के सांगणाऱ्या जाहिरातीतला आकडा जिवंत मुलांचा असेल, यावर विश्वास ठेवणे मला शक्य होत नाही. ‘पंचेचाळिसाव्या वर्षीही मातृत्व’ अशा कथांमध्ये बहुधा दात्या स्त्रीचे बीज वापरलेले असते. आपल्या कायद्यानुसार दात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे लागते, म्हणजे त्या यशामागे तरुण वयाचे बीज असते. त्यात गैर काहीच नाही, मात्र स्वतःच्या बीजाचा आणि दात्या बीजाचा आकडा एकत्र करून सांगणे गैर आहे.

याउलट, कमी टक्केवारीचे केंद्र वाईटच असते असेही नाही, आणि येथे सर्वसामान्य वाचकाची सर्वाधिक दिशाभूल होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबवणारी शाळा आणि सर्वांना परीक्षेला बसवणारी शाळा यांची तुलना निकालाच्या आकड्यावरून करता येत नाही. जे केंद्र चाळिशीच्या, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) खूप कमी असलेल्या, आधी अनेकदा अपयश आलेल्या स्त्रियांना दारातूनच परत पाठवत नाही, त्याची टक्केवारी कमीच दिसणार. रुग्णसंख्या लहान असेल तर आकडा आपोआप हेलकावतो, हेही लक्षात घ्यावे: वर्षाला २० प्रत्यारोपणे करणाऱ्या केंद्रात आठ मुले जन्मली तर ४० टक्के, पुढच्या वर्षी सहा जन्मली तर ३० टक्के. या फरकावरून डॉक्टरांच्या कौशल्याविषयी काहीही ठरवता येत नाही.

आणखी एक गैरसमज तीन सायकलींच्या ‘पॅकेज’मधून पसरतो. एका वेळी ३० टक्के, म्हणजे तीन वेळा मिळून ९० टक्के, असा हिशेब मी स्वतः जोडप्यांच्या तोंडून ऐकला आहे. तीनही वेळा संधी तेवढीच राहते असे धरले, तरी तीनदा अपयश येण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे सुमारे ३४ टक्के उरते. प्रत्यक्षात दोन वेळा यश न आलेल्या जोडप्याची तिसऱ्या वेळची संधी अनेकदा पहिल्यापेक्षा कमी असते. एका सायकलचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि तो बहुतेकदा कुटुंबालाच उचलावा लागतो. त्यासाठी दागिने मोडले जातात, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले जातात. हे निर्णय चुकीच्या गुणाकारावर घेतले जाऊ नयेत, एवढीच माझी तळमळ आहे.

कायद्याने यातला काही भाग आधीच मान्य केलेला आहे. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार केंद्राने जोडप्याला त्या केंद्रातील उपचाराच्या यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, एकाहून अधिक गर्भ राहण्याची जोखीम आणि दत्तक घेण्याचा पर्याय यांविषयी समुपदेशन करणे बंधनकारक आहे. केंद्रांनी उपचारांच्या नोंदी ठेवून त्यांची माहिती राष्ट्रीय नोंदणीकडे पाठवायची आहे. अमेरिकेने १९९२ मध्येच केंद्रनिहाय यशाचे आकडे जाहीर करण्यासाठी कायदा केला. आपल्याकडे गोळा होणारी माहितीही केंद्रनिहाय आणि वयोगटनिहाय, जिवंत जन्म हा अंश आणि सुरू केलेल्या सायकली हा छेद धरून, मराठीतून सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. राज्याच्या आरोग्य विभागाने त्यासाठी केंद्र सरकारकडे पाठपुरावा करावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

तोवर जोडप्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना, केवळ पॅकेज समजावणाऱ्या कर्मचाऱ्याला नव्हे, हे विचारावे: माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखे कारण असलेल्या किती स्त्रियांनी गेल्या वर्षी येथे स्वतःच्या बीजावर उपचार सुरू केले आणि त्यांपैकी किती जणी मूल घेऊन घरी गेल्या? उत्तर लेखी मागावे. कारण पुरुषाकडचेही असू शकते, म्हणून या भेटीला नवऱ्यानेही जावे आणि स्वतःचे अहवाल बरोबर न्यावेत. सारे प्रश्न आणि सारा दोष सुनेच्या पदरात टाकण्याची आपली सवय येथेही दिसते, याचे फार वाईट वाटते.

शेवटी एक मागणी आपल्याकडेही आहे. वंध्यत्व उपचारांची जाहिरात स्वीकारताना तीत यशाची टक्केवारी असेल, तर ती कोणत्या वर्षाची, कोणत्या वयोगटाची, किती स्त्रियांपैकी आणि कोणत्या टप्प्यावर मोजलेली आहे, या चार गोष्टी त्याच आकाराच्या अक्षरांत देण्याची अट आपण घालावी, आणि ती न पाळणारी जाहिरात परत पाठवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापिका,
नौपाडा, ठाणे