पेडर रोडच्या कडेने

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोहोचले. येत्या हिवाळ्यात चिपळूणला सार्वजनिक दौड घ्यावी असे तुमच्या मंडळात घाटत आहे, आणि धावणे हा एकट्याचा व्यायाम असताना त्यातून माणसे कशी जोडली जाणार, अशी शंका काही ज्येष्ठांनी काढली आहे, असे तू लिहितोस. शंका रास्त आहे. मुंबईत पाहिलेले तेवढे सांगतो.

येथील मॅरेथॉन २००४ पासून होते, आणि आता ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्या पहाटे विशेष लोकल सोडतात. एरवी खांद्याला खांदा लावून उभे असतानाही एकमेकांकडे न पाहणारे आपण मुंबईकर त्या डब्यात मात्र अनोळखी माणसाच्या छातीवरचा बिब (पिनांनी लावलेला, क्रमांक आणि नाव छापलेला कागद) सरळ करून देतो, आणि कोणाची सेफ्टी पिन हरवली असेल तर समोरचा आपल्या चारांतली एक काढून देतो.

पण माझ्या मते या दिवसाचे खरे श्रेय न धावणाऱ्यांचे आहे. ४२.१९५ किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात, पाय बोलू लागलेले असताना, हाजी अलीनंतर पेडर रोडची चढण येते. तेथे आजूबाजूचे रहिवासी सकाळपासून उभे असतात. कोणाच्या ताटात संत्र्याच्या फोडी, कोणाकडे चिक्की, आणि संक्रांत नुकतीच झालेली असल्यामुळे कोणाच्या डब्यात तिळाचे लाडू. बिबवरचे नाव वाचून एखादी आजी, जणू आपलाच नातू असावा अशा हक्काने, ‘चल, थांबू नकोस’ म्हणून ओरडते. धावणाऱ्याला मदत होते हे उघडच आहे. परंतु त्या आजींनाही शेजारच्या इमारतीतल्या लोकांबरोबर तासन्‌तास उभे राहण्याचे निमित्त मिळते, आणि या शहरात अशी निमित्ते फार उरलेली नाहीत.

सगळेच गोड आहे असे मात्र समजू नकोस. त्याच दिवशी होणाऱ्या सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’ या हौशी दौडीमध्ये फलक, वेष आणि सेल्फी यांची गर्दी असते, सामाजिक संस्थांसाठी त्यातून निधी उभा राहतो ही मोठीच गोष्ट, पण कचेरीची माणसे कचेरीच्याच घोळक्यात येतात आणि तशीच परततात. शिवाय प्रवेशशुल्क अनेकांना परवडणारे नाही, त्यामुळे ‘सारे शहर धावते’ हे म्हणणे मला पटत नाही.

ओळखी होतात त्या आधीच्या महिन्यांत, शिवाजी पार्कच्या भोवती किंवा मरीन ड्राइव्हवर, रविवारी उजाडण्यापूर्वी. लांब पल्ल्याचा सराव बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा असतो, त्यामुळे सारख्या वेगाची माणसे आपोआप एकत्र येतात आणि दीड-दोन तास बोलत राहतात. आमच्या गटातील एका गृहस्थांचा व्यवसाय काय, हे मला पुष्कळ काळ ठाऊक नव्हते. त्यांचा उजवा गुडघा मात्र चांगलाच ठाऊक होता. लागोपाठ दोन रविवार कोणी दिसले नाही, तर दुपारपर्यंत त्याला फोन जातो.

म्हणून माझा सल्ला असा की टी-शर्ट आणि पदके यांच्या आधी दर रविवारची एक वेळ आणि एक जागा ठरवा, आणि मोजकी माणसे आली तरी ती मोडू नका. दौडीचा मार्ग महामार्गावर न नेता वस्तीतून न्या, म्हणजे लोक आपापल्या दारात उभे राहतील. तीन आणि पाच किलोमीटर पुरेत. पोलीस आणि नगरपरिषद यांची परवानगी, रुग्णवाहिका आणि पाणी यांत कसूर नको, आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत समाप्तीची कमान उतरवू नका. ज्या ज्येष्ठांनी शंका काढली, त्यांच्याकडेच पाण्याचे टेबल सोपवा.

तारीख ठरली की कळव. आदल्या रात्रीच्या गाडीने येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र