ऑर्डर देण्याआधी हे वाच

खणभाग, सांगली
२ जुलै

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, कऱ्हाडच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचा स्लॅब टाकून झाला, आता ऑपरेशन थिएटरचं सामान ठरवायचं. कंपनीचा माणूस येऊन गणित मांडून गेला म्हणे. प्रत्येक पेशंटमागे एक तयार पॅक. गाऊन, ड्रेप म्हणजे पेशंटवर पसरायची चादर, ब्लेड, बारीक नळीची कॅन्युला, सगळं त्यात. उघडायचं, वापरायचं, टाकायचं. धुणं नको, उकळणं नको, माणूसही एक कमी लागतो. तुला ते पटल्यासारखं वाटलं. माझी ओपीडी चालू होती, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

२०१९ च्या पुरात तू पुण्याहून रोज फोन करायचास. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मोतीबिंदू काढायचं फेको मशीन, मायक्रोस्कोप आम्ही माडीवर चढवलं, ते तुला सांगितलं होतं. एक सांगायचं राहिलं. आदल्या दोन दिवसांच्या ऑपरेशनांचा कचरा तळमजल्यावर होता आणि तो नेणारी गाडी येणं शक्यच नव्हतं. मावशींनी आणि मी त्या पिवळ्या-लाल पिशव्या जिन्यातून वर आणून गच्चीच्या दाराशी रचल्या. असा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही असा नियम आहे, आमच्याकडे तो आठवडाभर राहिला. वीज नव्हती, काम नव्हतं, खाली सगळीकडे पाणी. मी संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसायचो आणि समोर त्या पिशव्या. एरवी गाडी येते, पिशव्या जातात, आपण हात पुसून घरी जातो. तेव्हा पहिल्यांदा आपलाच कचरा आपल्या उशाशी होता. एक पिशवी जिन्यात घासून फाटली होती. दिसत काय होतं, तर निम्म्याहून जास्त वेष्टनंच. डोळ्याला ज्याचा स्पर्शही झाला नाही असं प्लॅस्टिक, असा कागद. ते पिवळ्या पिशवीत जायलाच नको होतं, कारण पिवळी पिशवी भट्टीत जाते. चूक आमचीच होती. घाईत जे हाताला लागेल ते जवळच्या पिशवीत.

पाणी ओसरल्यावर एक दिवस, मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतो त्या लेन्सचा डबा घेऊन बसलो. लेन्सची चकती सहा मिलिमीटरची, करंगळीच्या नखावर मावेल अशी. तिच्याभोवती डबी, डबीवर पाकीट, पाकिटावर खोका, आणि खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक. ते उलगडत गेलो तर टेबल झाकलं गेलं. कितीतरी भाषांत छापलेलं. मी आजवर हजारो लेन्स बसवल्या असतील, ते पत्रक एकदाही वाचलेलं नाही.

मग वाचायला लागलो. ब्रिटनमध्ये कार्डिफला मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनचा हिशेब काढलाय, २०१३ साली छापून आला. एका डोळ्यामागे साधारण १८० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, आणि त्यातला निम्म्याहून जास्त नुसत्या विकत घेतलेल्या सामानाचा. आपल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा हिशेब २०१७ साली आला. तेच फेको, आणि भार सुमारे ६ किलो. कचरा पाव किलो. मोजायच्या पद्धती अगदी एकसारख्या नसतील असं धरलं, तरी १८० आणि ६ यांतलं अंतर काही पद्धतीने भरून निघत नाही.

तुझ्या मनात लगेच येईल, इन्फेक्शनचं काय? माझ्याही आलं. अरविंदच्याच सहा लाख ऑपरेशनांचा अभ्यास आहे. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सोडायला लागल्यावर एंडोफ्थॅल्मायटिसचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या इन्फेक्शनचं, प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ वर आलं. म्हणजे परत परत वापरलेल्या सामानावर जगातल्या कुठल्याही थिएटरने मान खाली घालू नये असे आकडे. निर्जंतुक असणं वेगळं आणि एकदा वापरून टाकणं वेगळं, विनू. आपण ते दोन्ही एकच समजत आलो.

त्यांची रीत पाहिलीस तर त्यात जादू काही नाही. एका थिएटरात दोन टेबलं, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पेशंट तयार. हत्यारांचे बरेच सेट, कमी वेळाच्या सायकलचा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), कापडी गाऊन, एकच ड्रॉपची बाटली अनेकांना. मात्र हे सगळं धुण्याच्या खोलीवर उभं आहे. तिथे हलगर्जी झाली की फेकोच्या बारीक नळीत साबणाचा अंश राहतो आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार पेशंटांचे कॉर्निया, म्हणजे डोळ्याचे पुढचे पारदर्शक पडदे, सुजलेले दिसतात. माझ्याकडे तसं एकदा झालंय. देवदयेने सगळे डोळे सावरले, पण त्या दोन रात्री मी झोपलो नव्हतो. तेव्हापासून प्रत्येक नळीतून डिस्टिल्ड वॉटर ढकललं की नाही याची सिस्टर वहीत नोंद करतात, आणि मी रोज ती वही बघतो. पॅकवाला जो एक माणूस वाचवायला सांगतोय, तोच माणूस तुला नेमायचाय. पगार चांगला दे.

म्हणून नकाशात धुण्याची खोली मोठी काढ, खिडकीची काढ. ऑटोक्लेव्ह अर्धा भरून लावायचा नाही अशी सवय पहिल्या दिवसापासून पाड. अरविंदच्या त्या सहा किलोंतला मोठा वाटा वाफेसाठी लागणाऱ्या विजेचाच आहे, त्यामुळे गच्चीवर सोलर बसवायचं असेल तर आत्ताच वायरिंग करून ठेव.

आणखी एक. डोळ्याच्या मागच्या पडद्याची, रेटिनाची ऑपरेशनं करणार म्हणालास. त्यात पडदा जागेवर धरायला डोळ्यात बुडबुडा सोडतात, त्यासाठीचा एसएफ६ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार पटींहून जास्त उष्णता धरतो, आणि हवेत गेला की शेकडो वर्षं जात नाही. जिथे साध्या हवेच्या बुडबुड्यावर भागतं तिथे हवाच भर. वायू लागेलच तिथे लागेल, डोळ्यापुढे दुसरं काही नाही. पण सिलिंडरमधून लागेल तेवढाच काढायचा आणि उरलेला उगाच सोडून द्यायचा नाही, हे तुझ्या थिएटरातल्या मुलांना शिकव.

आमच्याकडे सगळं जमलंय असं नाही. ड्रेप अजून डिस्पोजेबलच येतात, कापडी शिवून घेतले ते दोन महिन्यांत सुती धागे सोडायला लागले. दाट विणीचं कापड इचलकरंजीला बघून ठेवलंय. जतकडच्या पेशंटला नुसत्या चष्म्याच्या नंबरासाठी एसटीने परत यावं लागतं, तेही मनाला लागतं.

रविवारी नको, मंगळवारी ये, आमचा ऑपरेशनचा वार असतो. सकाळी आठला पोच, नकाशा घेऊन ये. लिस्ट संपेपर्यंत थांब आणि मग मावशींबरोबर पिशव्या बांधायला मी तुला बसवणार आहे. तोवर पॅकवाल्याला फोन करू नकोस. वहिनींना नमस्कार, काकूंच्या डाव्या डोळ्याचं प्रेशर तपासून घे, लांबवू नकोस.

तुझा,
सुहास