पुनर्वसूचा पाऊस सापडत नाहीये

परभणी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

आईची ट्रंक उपसताना आपल्या शाळेतल्या फ्लॉप्या, त्या जुन्या संगणकाच्या चुंबकीय चकत्या, सापडल्या. सव्वापाच इंची, अकरा नग. एकीवर तुझ्या तिरक्या अक्षरात ‘पाऊस ८७’. हातात धरून मी कितीतरी वेळ तसाच बसलो.

इथल्या एका दुकानदाराने जुन्या पीसीत घालून पाहिली आणि ‘मेली’ म्हणून परत दिली. मला ते पटेना. लेका, शाळेतला आपला संगणक, ती बीबीसी मायक्रो, एफएम पद्धतीने लिहायची, प्रत्येक बिटासोबत घड्याळाचा एक ठोका. चकतीवरच्या एका वर्तुळावर, म्हणजे ट्रॅकवर, १० तुकडे (सेक्टर), प्रत्येकी २५६ बाइटचे. ४० ट्रॅकचे मिळून जेमतेम १०० केबी. पीसीची ३६० केबीची फ्लॉपी एमएफएम या वेगळ्या, जास्त दाट पद्धतीची, ९ सेक्टर, ५१२ बाइटचे. पीसीत फ्लॉपी वाचणाऱ्या बऱ्याच चिपांना (कंट्रोलरना) एफएम वाचताच येत नाही. म्हणजे मजकूर जागेवर असतो, पण वाचणाऱ्याला ती लिपीच ठाऊक नसते.

मग ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड मागवलं. ते फॉरमॅट विचारत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, अर्थ नंतर संगणकावर लावायचा. ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, आपली फ्लॉपी ४० ची, म्हणून एक ट्रॅक सोडून एक वाचायला लावला. आधी बुरशी काढावी लागली. खिडकीतून चकती बोटाने हळूहळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली. बोळा तपकिरी व्हायला लागला की पोटात गोळा यायचा.

आणि फाइलींची यादी उमटली रे! मृग, आर्द्रा, ‘पुनर्व’... फाइलीच्या नावाला सातच इंग्रजी अक्षरं म्हणून पुनर्वसूचं शेपूट तूच कापलं होतंस. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात आपण पत्र्याच्या नरसाळ्याखाली बाटली ठेवून रोज सकाळी पाणी मोजायचो. मृगातले आकडे वाचताना शून्यावर शून्य, त्यात मध्येच एक ४. त्या दिवशी तू ओला होऊन वर्गात आला होतास, आठवतं?

पण पुनर्वसूच्या ट्रॅकवर चरा आहे. तीस वेळा वाचून पाहिला, चेकसम (वाचलेलं बरोबर आहे का हे पडताळायचा आकडा) जुळत नाही.

त्याच फ्लॉपीची दुसरी प्रत आपण तुझ्याकडे ठेवली होती. ती लातूरच्या घरी असेल तर हात जोडून सांगतो, कुठल्याही पीसीत घालू नकोस. ‘फॉरमॅट करू का’ असं विचारेल आणि कुणीतरी हो म्हणेल. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. कुरिअरनेही पाठवू नकोस. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिवाळीला स्वतः घेऊन ये. ड्राइव्हचं हेड पुसून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर