कॅन्सरच्या रिपोर्टला एक ठरलेला नमुना द्या : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेली कॅन्सरची गाठ आमच्याकडे येते. आम्ही ती कापतो, स्लाइड पाहतो आणि रिपोर्ट लिहितो. रेडिएशन द्यायचे की नाही, केमोथेरपी लागेल का, हे त्या कागदावरून ठरते. त्या कागदात काय असलेच पाहिजे, हे मात्र आज ज्याच्या त्याच्या सवयीवर सोडलेले आहे. ते बदलावे, म्हणून हे पत्र.

तोंडाचा कॅन्सर घ्या. तंबाखू-गुटख्यामुळे आमच्या टेबलावर तो रोजचाच. गालाचे ऑपरेशन दुसरीकडे करून आलेल्या एका रुग्णाच्या रिपोर्टवर एवढेच होते : 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मार्जिन्स फ्री.' म्हणजे कॅन्सरचा प्रकार, आणि कापलेल्या कडांना कॅन्सर नाही, इतकेच. गाठ आत किती मिलिमीटर शिरली, याचा पत्ता नाही. २०१८ पासून लागू असलेल्या टीएनएम या कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत ५ आणि १० मिलिमीटर खोलीवर स्टेज बदलते. मार्जिन फ्री, पण किती? पाच मिलिमीटर की एक? मानेतल्या किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासल्या, किती बाधित निघाल्या, त्यांचे कवच फोडून कॅन्सर बाहेर पडला आहे का? पडला असेल, तर रेडिएशनच्या जोडीला केमोथेरपीचाही विचार करावा लागतो. यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते. मग नातेवाईक ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) आणायला मूळ लॅबकडे गेले, हात हलवत परतले, पुन्हा गेले. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवे. त्यातले कितीतरी दिवस एसटीत आणि लॅबच्या बाकड्यावर गेले.

याचा दोष एकट्यादुकट्या डॉक्टरवर ढकलून भागणार नाही. आम्ही आपापल्या शिक्षकांनी लिहिले तसे लिहितो. कोणी दोन ओळी लिहितो, कोणी पानभर सुंदर वर्णन करतो आणि नेमकी खोलीच राहून जाते. ठरलेले मुद्दे ठरलेल्या क्रमाने समोर असले की काही सुटत नाही; सुटले तर ती मोकळी जागा सर्जनला लगेच दिसते. अमेरिकेत कॅन्सर रुग्णालयांच्या मान्यतेसाठी २००४ पासून असे आवश्यक मुद्दे रिपोर्टमध्ये असणे बंधनकारक झाले. २०११ पासून 'इंटरनॅशनल कोलॅबोरेशन ऑन कॅन्सर रिपोर्टिंग' ही संस्था अवयवानुसार नमुने तयार करून विनामूल्य देते आहे. शून्यापासून सुरुवात करायची गरजच नाही. नमुन्यामुळे पॅथॉलॉजिस्टची बुद्धी बांधली जाते, असा आक्षेप माझे काही सहकारी घेतात. मला तो पटत नाही. शेवटी अभिप्रायाला हवी तेवढी जागा ठेवा, पण वरचे रकाने रिकामे सोडायची मुभा नको.

नमुना लॅबपुरता ठेवूनही चालणार नाही. स्तनाची गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणात, जायला हवी आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहायला हवी. नाहीतर कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडे गाठी कधी नुसत्या सलाइनमध्ये येतात, कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेल्या. आत घट्ट झालेली गाठ बाहेर काढायला बाटली कापावी लागते. सोबतच्या फॉर्मवर गाठ किती वाजता काढली, हे क्वचितच लिहिलेले असते. रुंद तोंडाचा डबा, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन आणि फॉर्मवर वेळेचा एक रकाना, याला फार खर्च येत नाही.

शिस्तीने नोंदी ठेवणे आपल्या भागाला जमणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला आपला धाराशिव जिल्हा दाखवावा. १९९९ मध्ये तिथल्या खेड्यापाड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या आणि २००९ मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष जगाने वापरले.

म्हणून विनंती अशी, की छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, तिथलेच घाटी रुग्णालय आणि नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्यापासून सुरुवात करावी. आधी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर घ्यावेत. खासगी रुग्णालयांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा मार्ग आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनचे बिल मंजूर करताना नमुन्यातला पूर्ण रिपोर्ट मागावा. रिपोर्ट अपुरा असेल तर रुग्णालयाचे बिल थांबावे, रुग्णाचे पुढचे उपचार मात्र एक दिवसही अडू नयेत. ही योजना सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे, म्हणून या पत्राची प्रत त्या मंत्र्यांनाही पाठवत आहे.

पहिली बैठक संभाजीनगरला घ्यावी आणि तिला सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि लॅबचे टेक्निशियन या तिघांनाही बोलवावे. तोंडाच्या कॅन्सरच्या नमुन्याचा मसुदा घेऊन मी येईन.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक पॅथॉलॉजिस्ट