थिबा राजवाडा आणि भाट्याची बाग

रत्नागिरी

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुले दिवाळीच्या सुट्टीसाठी इकडे आल्यापासून तू रोज फोन करतेस. परंतु अर्णव फोनवर जे तुटक तुटक सांगतो त्यावरून तुला फारसा बोध झाला नसेल, म्हणून थिबा राजवाडा आणि भाट्याच्या बागेच्या आमच्या फेरीविषयी सविस्तर लिहीत आहे.

राजवाड्यातील संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे मंगळवारी सकाळी आईने दिलेला घावन-चटणीचा डबा घेऊन आम्ही निघालो. जुन्या मूर्तींच्या दालनांत जुई फार वेळ रमली नाही आणि मीही आग्रह धरला नाही, कारण चार वर्षांच्या मुलीला प्रत्येक पाटीपुढे उभे करणे म्हणजे तिला संग्रहालयाचा कायमचा कंटाळा आणणे होय. वरच्या मजल्यावरील अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्यांपाशी मात्र दोघेही आपण होऊन थांबली. वेलबुट्टीच्या खाचांतून बोट फिरवताना अर्णवने विचारले, "आजोबा, एवढा मोठा वाडा बांधला, मग राजा खूश असेल ना?"

मी त्याला खरे तेच सांगितले. इंग्रजांनी 1885 साली ब्रह्मदेश जिंकून थिबा राजाला पदच्युत केले, प्रथम मद्रासला आणि 1886 साली येथे रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा 1910 साली पूर्ण झाला आणि 1916 साली राजाचे येथेच निधन झाले. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील जेमतेम सहा वर्षे त्याला या वास्तूत मिळाली. त्याच्या चार मुलींपैकी धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. हे ऐकल्यावर अर्णवचा पुढचा प्रश्न होता, "त्याला घरी का जाऊ दिलं नाही?" राजा परत गेला असता तर त्याची प्रजा त्याच्याभोवती पुन्हा गोळा होईल, अशी इंग्रजांना धास्ती होती, असे मी म्हणालो. त्यावर तो बराच वेळ खाडीच्या दिशेने पाहत राहिला.

अशा गोष्टी लहान मुलांना सांगू नयेत असे पुष्कळांना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. राजवाडा दाखवायचा आणि राजा तेथे कैदी होता हे लपवायचे, याने मुलाच्या हाती नुसते दगड आणि लाकूड उरते. सात वर्षांच्या मुलाला घरापासून दूर राहणे म्हणजे काय ते चांगलेच कळते. तू डिसेंबरमध्ये येशील तेव्हा शिवाजीनगरातील राजाची समाधी त्याला अवश्य दाखव. तो आतापासूनच तिच्याविषयी विचारतो आहे.

दुपारच्या आत पूल ओलांडून आम्ही भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात गेलो. कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातील लाखी बाग तू लहानपणी पाहिली नव्हतीस, म्हणून थोडे लिहितो. साडेसात-साडेसात मीटरवर माड, चार माडांच्या मध्यभागी जायफळ, अधल्यामधल्या जागेत दालचिनी आणि माडाच्या खोडावर चढवलेले मिरीचे वेल, अशी तिची रचना आहे. एकाच जमिनीत आणि एकाच पाण्यावर चार पिके उभी राहतात, आणि माडाची विरळ सावली जायफळाला मानवते. आपल्या बागायतदारांनी पाहून शिकावे असे हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

जुई येथे खरी खुलली. तेथील माळीदादांनी एक उकललेले जायफळ तिच्या हातावर ठेवले. पिवळट जाड सालीच्या आत तपकिरी, चकचकीत बी आणि त्यावर जाळीसारखी घट्ट लपेटलेली लालभडक जायपत्री पाहून तिने ती नखाने अलगद सोडवली, हुंगली आणि "ही तर आजीच्या श्रीखंडाची!" असे म्हणाली. जायफळात नर आणि मादी अशी वेगळी झाडे असतात, बी लावले तर फळधारणेपर्यंत कोणते निघाले ते समजत नाही आणि म्हणून मादी झाडाचे कलम लावतात, हे माळीदादांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितले की अर्णवने ते घरी येऊन आजीला जसेच्या तसे ऐकवले.

मुंबईस परतल्यावर त्यांना एखाद्या रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत ने. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात आहे. ते 1872 साली खुले झाले. बाहेर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रजांना विलायतेला न्यायचा होता, पण उचलताना तो तुटला आणि येथेच राहिला, हे अर्णवला आधी सांग. मग आत एकच दालन निवांत दाखव आणि उरलेला वेळ झाडांखाली घालव. बुधवारी मात्र जाऊ नकोस, तेव्हा बंद असते.

पावसाळ्यात जायफळाचे एक कलम आपल्या परसात लावायचे ठरले आहे. विहिरीमागच्या माडांमधली जागा अर्णवने पसंत केली आहे आणि आळे कोणी खणायचे यावरून दोघांची आतापासूनच भांडणे चालू आहेत.

आईचे तुम्हा उभयतांस आशीर्वाद.

तुझे,
बाबा