उरलेले पारे आधी

कैरो

प्रिय अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

तुमचा निरोप मिळाला. आलिमच्या (धर्मशास्त्राच्या) वर्गात जागा मिळतेय, धाकट्याचं वय वाढतंय, तेव्हा कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) 18 पाठ झालेत तेवढे पुरे, बाकीचे सवडीनं होतील, असं तुमच्या मनात आहे. अब्बा, मोठा मुलगा म्हणून हट्टानं सांगतो, त्याला आधी हिफ्ज, म्हणजे अख्खं कुरआन पाठ करणं, पुरं करू द्या.

इथे अजहर विद्यापीठात उसूलच्या (धर्मकायद्याच्या मूलतत्त्वांच्या) तासाला शेख, म्हणजे आमचे शिक्षक, अख्खी आयत (कुरआनातलं वचन) म्हणत बसत नाहीत. सुरुवातीचे दोन-चार शब्द म्हणतात आणि मुद्द्याकडे वळतात. पुढचं विद्यार्थ्याला येतच असणार, हे धरून चाललेलं असतं. ज्याचं पाठ नाही तो आयत शोधत राहतो आणि चर्चा कुठल्या कुठे गेलेली असते.

एक उदाहरण देतो, धाकट्यालाही वाचून दाखवा. गरिबीपायी मुलांचा जीव घेऊ नका, हा हुकूम दोन ठिकाणी आलाय. सूरह (अध्याय) अनआमच्या 151 व्या आयतीत ‘आम्ही तुम्हाला रोजी देतो आणि त्यांनाही’ असं आहे. सूरह इसराच्या 31 व्या आयतीत ‘आम्ही त्यांना रोजी देतो आणि तुम्हालाही’. सबक (रोजचा नवा धडा) ऐकवताना मुलं नेमकी इथे घसरतात, एका सूरहमधून दुसरीत जातात. तफसीरच्या (कुरआनच्या अर्थविवरणाच्या) वर्गात त्याचा उलगडा झाला. पहिल्या आयतीत गरिबी घरात आलेलीच आहे, म्हणून आधी आईबापांच्या रोजीची हमी. दुसरीत गरिबी येईल ही भीती आहे, म्हणून आधी मुलांच्या रोजीची. या दोन जागा चुकू नयेत म्हणून ज्यानं घोकून घोकून पाठ केलंय, त्याला हा अर्थ ऐकताना किती आनंद होतो, ते मी वर्गात बघितलंय.

शाफई विद्वान इमाम नववींनी ‘मजमू’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की विद्यार्थ्यानं सुरुवात कुरआन पाठ करण्यापासून करावी, आधीचे बुजुर्ग हदीस (पैगंबरांची वचनं) आणि फिक्ह (धर्मकायदा) हाफिज झालेल्यालाच, म्हणजे अख्खं कुरआन पाठ असलेल्यालाच, शिकवत. आपण कोकणातले शाफई, म्हणजे इमाम शाफईंचा पंथ मानणारे. इमाम शाफईंनी सातव्या वर्षी कुरआन पाठ केलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. त्यांची कबर इथेच, 1211 साली बांधलेल्या घुमटाखाली आहे. तिथे गेलो की आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीतला फज्रच्या (पहाटेच्या) नमाजातला कुनूत, ती दुआ, कानात घुमतो.

उलट मत मांडणारेही मोठेच होते. स्पेनमधले जुने विद्वान काजी अबू बक्र इब्नुल अरबी यांचं म्हणणं होतं की आधी अरबी भाषा आणि काव्य शिकवावं, मग हिशेब, आणि मग कुरआन. न समजता पाठ का करायचं? इतिहासकार इब्न खल्दूननं ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ही पद्धत चांगली म्हटलीय. पण रिवाज तसा नाही, असं सांगून कारणही दिलंय: मूल लहान असतं तोवर आईबापांच्या शब्दात असतं, वयात आल्यावर हातातून सुटलं तर कुरआन राहूनच जाईल. मला हे कारण फार पटतं. ‘नंतर करू’ म्हणणारी इथली किती तरी मुलं हुशार आहेत, पण अभ्यासाच्या ओझ्याखाली त्यांना पाठांतराला सकाळच मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. दहावीची शाळा चालू राहू दे. रोज थोडं अरबी व्याकरण शिकवा, म्हणजे इब्नुल अरबींचीही बाजू राहील. नवा सबक कमी झाला तरी चालेल, पण सबकपारा (नुकत्याच पाठ केलेल्याची उजळणी) आणि मंजिल (जुन्या पाऱ्यांची उजळणी) एक दिवसही चुकवू नका. कुरआन दाव्यातून सुटणाऱ्या उंटापेक्षाही लवकर निसटतं, ही हदीस तुम्हीच मला ऐकवायचात. फज्रनंतर मुसहफ (कुरआनची प्रत) हातात घेऊन तुम्ही स्वतः त्याचं ऐका. अडकला तर पुढचा शब्द सांगा, रागावू नका. सक्तीनं शिकणाऱ्याचं नुकसान होतं, यावर इब्न खल्दूननं वेगळं प्रकरणच लिहिलंय.

अम्मी म्हणाली होती, इथून त्याच्यासाठी छानसा मुसहफ पाठव. सध्या नको. इथल्या छपाईत पानाची मांडणी वेगळी असते, आणि कुठली आयत पानाच्या वरच्या ओळीत, कुठली तळाला, हे त्याच्या डोळ्यांत बसलंय. जुन्या प्रतीची शिवण उसवलीय म्हणालात, ती बांधून घ्या आणि तिसावा पारा होईपर्यंत तीच राहू द्या.

अम्मीला सलाम. दुआत आठवण ठेवा.

तुमचा,
मोठा