पानठेल्यावरचा सुआरेझ

महोदय,

वर्णद्वेषी शेरेबाजीबद्दल खेळाडूवर बंदी आली, की चाहते आधी त्याचा क्लब पाहतात आणि मग न्याय-अन्याय ठरवतात. परवा आमच्या गावच्या पानठेल्यावर तेव्हा लिव्हरपूल क्लबकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या लुइस सुआरेझचा जुना विषय निघाला. ऑक्टोबर 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला त्याने ‘नेग्रो’ म्हणून रंगावरून हिणवले, म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 8 सामन्यांची बंदी आणि 40 हजार पौंड दंड ठोकला. त्यावर लिव्हरपूलचे खेळाडू विगनच्या मैदानावर सुआरेझचे चित्र असलेले टी-शर्ट घालून सरावाला उतरले! आमच्यातले लिव्हरपूलवाले अजूनही सांगतात, ‘त्याच्या देशात तो शब्द लाडानं वापरतात.’ चौकशी समितीनेही हे म्हणणे ऐकले होते. पण भांडणाच्या भरात कोणी लाडाने बोलत नाही, एवढे बैलबाजारातही कळते.

तिकडचे कशाला? गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका स्पर्धेत मेळघाटकडून आलेल्या गोलकीपरला आमच्याच पोरांनी अख्खा हाफ ‘कोळसा, कोळसा’ म्हणून चिडवले. पंच हसले. मीही गप्प बसलो, कबूल करतो. त्या पोराने पेनल्टी अडवली आणि सामना संपल्यावर कोणाशीही हात न मिळवता तो काळीपिवळीत जाऊन बसला.

यंदा अशा शेरेबाजीला थेट लाल कार्ड, हा नियम पत्रकावर छापून घ्यावा म्हणून आम्ही काही पालक आयोजकांना भेटणार आहोत. स्पर्धेची वर्गणी शेवटी आम्हीच देतो.

– एक फुटबॉलप्रेमी पालक, जि. अमरावती